वाजवी शंकेचे जनक

ज्युरीचं बोलावणं आमच्या जिल्ह्यात कोणालाही येतं. ते टाळायला लोक काय काय करतात ते मला माहीत आहे, कारण मी दाताच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलाशी बसते आणि बोलावणी निघाली की नोव्हेंबरात अचानक दाढ दुखणाऱ्यांच्या रांगा लागतात. पण माझ्याबरोबरच जज ऑरिन लिंडक्विस्ट यांना बोलावणं आलं तेव्हा ते नवा कोट घालून, अगदी वेळेच्या आधी येऊन बसले. जणू त्यांचाच सत्कार होता.

ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना जजसाहेबच म्हणत. उंच, पांढरे केस, चालताना हात मागे बांधलेले. त्यांची राज्यभर ख्याती होती ती त्यांनी दिलेल्या निकालांमुळे नाही, त्यांच्या पुस्तकामुळे. फौजदारी खटल्यात ज्युरीला शेवटी ज्या सूचना वाचून दाखवतात, त्या सगळ्या राज्यात एकसारख्या असाव्यात म्हणून एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष हे. वर्षानुवर्षं जमून, कॉफी पिऊन, स्वल्पविरामांवरून भांडून त्या समितीने एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. पुरावा म्हणजे काय, साक्षीदारावर विश्वास कसा ठेवावा, हेतू कशाला म्हणावं, सगळ्याची तयार सूचना. न्यायाधीशाने फक्त वाचायची. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, कारण शब्द घातला की वरचं कोर्ट निकाल फिरवतं. जजसाहेब व्याख्यानांत म्हणायचे, "आमच्या सूचनांवरून आजवर एकही निकाल फिरलेला नाही." त्या कोणाला कळल्या का, हे समितीने कधी विचारलं नव्हतं. तो विषय तिच्या कक्षेत नव्हता.

खटला होता ऱ्होडा स्टॅस्नीचा, आणि गुन्हा होता कणीस जाळल्याचा.

केलर्सबर्ग गावाच्या वेशीवर मक्याचं एक प्रचंड कणीस उभं होतं, फायबरचं, पिवळंधमक, दोन मजली घराएवढं. जिल्ह्यात असं कुटुंब नाही ज्याच्या अल्बममध्ये त्या कणसापाशी काढलेला फोटो नाही. माझ्या लग्नाचाही आहे. नवरा गेला निघून, कणीस तेवढं छान आलंय. गावाने कणसावर मोठाले दिवे बसवले, आणि त्यातला एक नेमका ऱ्होडाच्या निजायच्या खोलीत पडायचा. ती ग्रामसभेला गेली. तिला सांगितलं, पडदे लाव. तिने पडदे लावले. मग पुन्हा गेली. तिला सांगितलं, जाड पडदे लाव. तेव्हा ती गावच्या खानावळीत, भरल्या दुपारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "एक दिवस मी त्या कणसाच्या लाह्या करीन."

पुढच्याच हंगामात, शाळेच्या फुटबॉलच्या सामन्याला सगळं गाव मैदानात असताना, कणीस पेटलं.

सरकारी वकिलाकडे एवढं होतं: ती लाह्यांची धमकी, तिच्या गाडीत पेट्रोलचा डबा, आणि एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने कणसाजवळ पाहिलेलं लाल जाकीट. ऱ्होडा सामन्याला गेली नव्हती. डोकं दुखत होतं, घरी पडून होते, म्हणाली. तिच्या वकिलाकडे एवढं होतं: पेट्रोलचा डबा जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीत असतो; शाळेच्या संघाचा रंगच लाल, त्यामुळे लाल जाकीट नसलेला माणूस शोधायला लागेल; आणि गावाने स्वतःच गवत कापायचं यंत्र, पेट्रोलसकट, कणसाच्या पोटात ठेवलं होतं, दिव्यांच्या जुनाट वायरींच्या शेजारी.

ज्युरी निवडताना दोन्ही वकिलांना जजसाहेब हवे होते. सरकारी वकिलाला वाटलं, एवढी वर्षं माणसं तुरुंगात पाठवलेला माणूस, आपलाच. ऱ्होडाच्या वकिलाला वाटलं, शंकेची व्याख्याच ज्याने लिहिली, तो आपलाच. न्यायासनावर जज ऑस्टबी होत्या. तरुणपणी त्या जजसाहेबांच्याच हाताखाली होत्या, आणि पुस्तकाची अर्धी प्रुफं त्यांनी तपासली होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, कणसाबद्दल तुमच्या मनात काही पूर्वग्रह? आम्ही सगळे एका सुरात नाही म्हणालो. मागच्या रांगेतल्या लवॉनचे डोळे तेव्हाच भरून आले होते.

साक्षी झाल्या, भाषणं झाली, आणि मग जज ऑस्टबींनी चष्मा लावून सूचना वाचायला घेतल्या. दुपारचं जेवण पोटात, खोलीत हीटर चालू. माझ्या शेजारी वर्लिन कोपेकी बसला होता, तो ट्रॅक्टर विकतो. उघड्या डोळ्यांनी झोपायची कला त्याला अवगत आहे. त्याच्या पलीकडे जजसाहेब. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. चर्चमध्ये प्रार्थना पाठ असलेला माणूस पुस्तक न उघडता पुटपुटतो ना, तसे. एकदा जज ऑस्टबी 'आणि' च्या जागी 'किंवा' म्हणाल्या, तर यांच्या कपाळाला आठी.

ज्युरीच्या खोलीत गेल्या गेल्या आम्ही अकरा जणांनी त्यांनाच प्रमुख केलं. मतदानसुद्धा घेतलं नाही.

"मला ऑरिन म्हणा," ते म्हणाले. "इथे मी तुमच्यासारखाच एक."

"बरं, जजसाहेब," वर्लिन म्हणाला. "पटकन आटपू या. उद्या हरणांची शिकार सुरू होतेय. माझी बंदूक गाडीत आहे, भाऊ जंगलात आहे, आणि मी इथे."

निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. पहिलं मत चिठ्ठ्यांवर घेतलं. एक सोडून सगळ्या 'दोषी'. आम्ही सगळ्यांनी लवॉनकडे पाहिलं, कारण ती रडकी. ती विणत होती. तिने सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी रडते ती कणसासाठी."

जजसाहेब खाकरले. "ती चिठ्ठी माझी आहे."

वर्लिनने ती चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली.

"तुमची?" वर्लिन म्हणाला. "तुम्ही तर आयुष्यभर लोकांना आत टाकलंत!"

"मी टाकलं नाही. ज्युरीने टाकलं. मी फक्त किती दिवस ते सांगायचो." ते बोटांची टोकं एकमेकांना जुळवून बसले. "मला शंका आहे. ते यंत्र, त्या वायरी. आणि त्या शेजाऱ्याला कोर्टात सरकारी वकिलाच्या हातातलं घड्याळ दिसत नव्हतं, त्याला रस्त्यापलीकडचं जाकीट दिसलं म्हणे."

"ठीक आहे, शंका आहे," मी म्हणाले. "पण वाजवी आहे का? सूचनेत वाजवी म्हटलंय."

"तोच प्रश्न आहे."

"मग सांगा ना. तुम्हीच लिहिलंय."

त्यांनी समोरच्या कागदांतून तो कागद काढला. पाठ असूनही काढला. आणि त्यांच्या त्या जुन्या, खोल आवाजात वाचलं:

"वाजवी शंका म्हणजे अशी शंका, की जी वाजवी व्यक्तीस, सर्व पुराव्याचा वाजवी विचार केल्यानंतर, वाजवी कारणास्तव उद्भवेल, तथापि केवळ उद्भवू शकते म्हणून उद्भवलेली शंका ही वाजवी शंका नव्हे, आणि शंका वाजवी आहे किंवा कसे याविषयीची शंका ही स्वतंत्रपणे विचारात घेण्याचे कारण नाही."

मग लवॉन म्हणाली, "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"हे आपल्याच भाषेत आहे ना?" असं काहीसं मी पुटपुटले असेन, कारण वर्लिन खो-खो हसला. "जजसाहेब, माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जपानी भाषेचं पान असतं. ते मला यापेक्षा बरं कळतं. त्यात चित्रं असतात."

जजसाहेब दुखावले. "यातला प्रत्येक शब्द तावून सुलाखून घेतलाय. 'उद्भवेल' या शब्दावर आम्ही अख्खा उन्हाळा घालवला. आधी 'निर्माण होईल' होतं."

"मग कळलं कसं नाही?"

"ते कळण्यासाठी..." ते थांबले. "ते टिकण्यासाठी लिहिलंय. अपिलात."

"बरं, सोडा कागद," मी म्हणाले. "तोंडी सांगा. मला, मार्लिसला. दाताच्या दवाखान्यात आला आहात, डॉक्टर यायला वेळ आहे. वाजवी शंका म्हणजे काय हो?"

त्यांनी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग मिटलं.

"मला सांगता येणार नाही."

"का?"

"सूचना आहे. ज्युरीतल्या कोणी आपलं कायद्याचं खाजगी ज्ञान इतरांना पुरवायचं नाही. कायदा फक्त कोर्टाकडून घ्यायचा."

"ही कोणी लिहिली?"

"मीच," जजसाहेब म्हणाले.

लवॉनला तेवढ्यापुरती त्यांची दया आली. तिने त्यांच्यापुढे लिंबाच्या वड्यांचा डबा सरकवला. घरून आणला होता.

मग ठरलं की कोर्टालाच विचारायचं. प्रमुख म्हणून चिठ्ठी लिहायचं काम जजसाहेबांचं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाजवी शंका म्हणजे काय, हे कृपया साध्या शब्दांत समजावून सांगावे', आणि ती दाराबाहेर पहाऱ्याला असलेल्या बेलिफाकडे दिली. ते परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्याने आपल्याच दारावर टकटक करून वाट बघावी तसा झाला होता.

उत्तर यायला बराच वेळ लागला. आम्ही लिंबाच्या वड्या खाल्ल्या. वर्लिनने भावाला कोणत्या झाडावर बसायला सांगितलंय ते आम्हाला समजावलं, आणि खरं सांगते, ते पटकन कळलं. मग बेलिफ कागद घेऊन आला. जजसाहेबांनी उघडला आणि वाचलाच नाही, नुसता घडी करून खाली ठेवला. वर्लिनने तो उचलला.

"'तुम्हाला आवश्यक असलेल्या सर्व सूचना तुम्हाला देण्यात आलेल्या आहेत. त्या एकत्रितपणे वाचाव्यात.'" त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "एवढंच? ही बाई न्यायाधीश आहे की उत्तर देणारं मशीन?"

"त्यांचा दोष नाही," जजसाहेब हळूच म्हणाले. "ज्युरीने व्याख्या विचारली तर काय उत्तर द्यायचं, तेही पुस्तकात आहे."

"तेही तुम्हीच..."

त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

त्यानंतर दुपारभर आम्ही तेच तेच दळत बसलो. मी अकरांतली एक होते, हे लपवत नाही. मला ऱ्होडा माहीत होती. ती दवाखान्यात आली की इतरांच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवते आणि कोणी उचलायला सांगितलं तर ऐकू न आल्यासारखं करते. पेट्रोल ओतणाऱ्या बाईचं तोंड कसं असेल, असं मला विचारलं असतं तर मी तिच्याकडे बोट केलं असतं. हा पुरावा नाही, हे मला समजतं. पण पुरावा कशाला म्हणत नाहीत, ते सांगणारी सूचना मी नेमकी हीटरच्या आवाजात ऐकली नव्हती.

जजसाहेब मात्र हलेनात. त्यांचा मुद्दा वायरींचा, जाकिटाचा. आम्ही काही म्हटलं की ते विचार करून उत्तर द्यायचे. पण "मग तुमची शंका वाजवी आहे, असं म्हणा की ठामपणे!" असं वर्लिन म्हणाला, की ते पुन्हा तो कागद काढायचे, आपल्या शंकेला त्या वाक्यात बसवून बघायचे, आणि ती कुठे ना कुठे बाहेर राहायची. अंगापेक्षा बोंगा मोठा शिवला होता त्यांनी, आणि आता तोच त्यांना घालायला दिला होता.

शेवटी आम्ही कळवलं, एकमत होत नाही.

आम्हाला कोर्टात परत नेलं. ऱ्होडा तिथेच बसली होती, पर्स मांडीवर. जज ऑस्टबींनी विचारलं, किती विरुद्ध किती ते सांगू नका, पण मार्ग निघेल का? जजसाहेब उठून म्हणाले, वाटत नाही. तेव्हा ऑस्टबीबाईंनी पुस्तक उघडलं. मला दिसलं, पान काढताना त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी यांच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून, सरळ आवाजात वाचलं. एकमत न झालेल्या ज्युरीसाठी एक खास सूचना असते, ती. खर्च झालाय, श्रम झालेत, यापेक्षा चांगली ज्युरी मिळेल असं मानायला कारण नाही वगैरे आधी होतं. आणि मग हे:

"ज्यांचे मत इतरांहून भिन्न आहे, त्यांनी स्वतःस विचारावे, की जी शंका तितक्याच प्रामाणिक व तितक्याच सुबुद्ध अशा बहुसंख्य सहकाऱ्यांच्या मनास स्पर्शही करीत नाही, ती वाजवी कशी म्हणता येईल."

या वेळी जजसाहेबांचे ओठ हलले नाहीत.

खोलीत परतताना कॉरिडॉरमध्ये ते माझ्या शेजारून चालत होते. हात मागे बांधलेले नव्हते. ते मला म्हणाले, म्हणजे मला असं नाही, नुसतंच म्हणाले, "आम्ही याला समजुतीची सूचना म्हणायचो. सौम्य. इतर राज्यांपेक्षा फारच सौम्य."

"ही कुणासाठी होती?" मी विचारलं.

"हट्टी माणसांसाठी."

खोलीत आता कोणी वायरींबद्दल बोलेना. गरजच नव्हती. आम्हाला कोर्टाने लेखी हत्यार दिलं होतं. वर्लिन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. तो आता ओरडत नव्हता, गिऱ्हाईकाला जुना ट्रॅक्टर बदलून नवा घ्यायला पटवावं तशा प्रेमाने बोलत होता.

"जजसाहेब, आम्ही प्रामाणिक आहोत ना?"

"आहात."

"सुबुद्ध?"

त्यांनी जरा वेळ घेतला. "आहात."

"मग झालं की! तुमच्याच शब्दांत झालं."

लवॉनने सुया थांबवल्या नाहीत. सगळ्यात मऊ आवाज तिचा. "तुम्ही एवढी वर्षं हे वाचून दाखवलंत ना हो, आमच्यासारख्या लोकांना? मग त्यातला एखादा एकटा असेल, तुमच्यासारखा. तो काय करायचा?"

"निकाल घेऊन यायचा," जजसाहेब म्हणाले. "साधारण तासाभरात. आम्ही अभिमानाने सांगायचो ते. सूचना परिणामकारक आहे म्हणून."

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर पार्किंगमध्ये शिकारीच्या केशरी टोप्या घातलेली माणसं गाड्यांत सामान भरत होती. आम्ही वाट पाहत होतो.  सगळ्यांची नजर एका पाठीवर. मी स्वतः त्या पाठीकडे बघत मनात म्हणत होते, चला की आता, मला मांजराला खायला घालायचंय.

"ठीक आहे," ते न वळता म्हणाले. "लिहा."

"काय लिहू?"

"तुम्हा सगळ्यांना जे हवं ते."

वर्लिनने त्यांची पाठ थोपटली. वडी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

कोर्टात निकाल कारकुनाने वाचला. दोषी. प्रेक्षकांत केलर्सबर्गची माणसं बसली होती, त्यांच्यात समाधानाची कुजबुज झाली. ऱ्होडा रडली नाही, ओरडली नाही. पर्सची चेन उघडली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि चेन लावली. मग पुन्हा उघडली. तिच्या वकिलाने उभं राहून मागणी केली की ज्युरीतल्या प्रत्येकाला वेगळं विचारावं. वकील असं मागतात, नेहमीचंच. त्याच्या आवाजावरून त्यालाही काही आशा नव्हती.

हे विचारायचं काम कारकुनाचं. आमचा कारकून ऐकायला जरा कमी, त्यामुळे बोलतो मोठ्याने. एकेकासमोर येऊन विचारायला लागला, "हा तुमचा निर्णय आहे का?"

सबंध खटल्यातलं हे एकच वाक्य होतं जे लहान मुलालाही कळलं असतं. नंतर समजलं की समितीने त्याला हात लावला नव्हता. कारकुनांची वाक्यं तिच्या कक्षेत येत नव्हती.

मी म्हणाले, हो. वर्लिन म्हणाला, हो, अर्थातच. मग कारकून जजसाहेबांसमोर आला.

"हा तुमचा निर्णय आहे का?"

जजसाहेब उभे राहिले. उभं राहायचं नसतं, पण राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, हे आता एखादा 'तथापि' काढणार. कारकुनाला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला, "हा! तुमचा! निर्णय! आहे का?"

"हा निर्णय आहे," जजसाहेब म्हणाले. "माझा नाही."

"मिस्टर लिंडक्विस्ट," वरून जज ऑस्टबी म्हणाल्या, "हो किंवा नाही, एवढंच."

"नाही."

वर्लिनने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज झाला. सरकारी वकील उभा राहिला, मग त्याला सुचेना कशासाठी, म्हणून बसला. केलर्सबर्गची एक बाई म्हणाली, "अहो, आत्ता तर हो म्हणाले होते!" बेलिफाने तिला गप्प केलं. ऱ्होडा पहिल्यांदाच आमच्याकडे नीट वळून बघत होती.

"तुम्हाला पुन्हा विचारविनिमयाला पाठवलं तर काही उपयोग होईल?" जज ऑस्टबींनी विचारलं.

"मॅडम," जजसाहेब म्हणाले, आणि त्यांनी आपल्या जुन्या हाताखालच्या मुलीला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं असावं, "तुम्ही मला तीच सूचना पुन्हा वाचून दाखवाल. मी ती लिहिलेली आहे. एकदा ती माझ्यावर चालली. दुसऱ्यांदा मी चालू देणार नाही."

जज ऑस्टबींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं, न वाचता म्हणाल्या, "खटला रद्द. ज्युरीचे आभार." मला वाटतं, त्या दिवशी त्या स्वतःच्या शब्दांत बोलल्या ते एवढंच.

वर्लिन दुसऱ्या दिवशी शिकारीला गेला. काही मिळालं नाही, आणि त्याचं खापरही त्याने जजसाहेबांच्याच डोक्यावर फोडलं. म्हणे, मूड गेला होता.

जिल्हाभर टिंगल झाली. आमच्या खानावळीने 'वाजवी शंका' नावाचा बर्गर काढला. आत काय आहे ते विचारायचं नाही, विचारलं तर "तुम्हाला मेनू देण्यात आलेला आहे" असं उत्तर मिळायचं. खूप खपला. लोक म्हणायचे, म्हातारा खोलीत एक म्हणतो, बाहेर एक म्हणतो, असला माणूस एवढी वर्षं न्याय देत होता. दवाखान्यात कोणी असं बोललं की मी गप्प बसायची. तोंडात कापूस असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रद्द झालेला खटला नव्या ज्युरीपुढे पुन्हा चालवता येतो, पण सरकारी वकिलाला पुढच्या वर्षी निवडणूक लढवायची होती. तो ऱ्होडाला म्हणाला, किरकोळ काहीतरी कबूल कर, सुटशील. ती म्हणाली, किरकोळ मी काहीच करत नाही. वसंत ऋतूच्या सुमाराला त्याने खटला गुपचूप मागे घेतला. गावाने नवं कणीस बांधलं, काँक्रीटचं.

जजसाहेबांनी समितीला पत्र लिहिलं, की एकमत न झालेल्या ज्युरीची ती सूचना काढून टाकावी, आणि वाजवी शंकेची पुन्हा लिहावी, तीही एखाद्या बाहेरच्या माणसाला वाचून दाखवून. समितीने ताबडतोब उपसमिती नेमली. उपसमितीने वर्षभर अभ्यास केला आणि 'स्वतःस विचारावे' या जागी 'स्वतःस विचारण्यास हरकत नसावी' अशी दुरुस्ती सुचवली. नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर जजसाहेबांचे विशेष आभार मानले आहेत.

खटला मागे घेतला त्याच्या आसपास, चर्चच्या तळघरात शुक्रवारचा मासळीचा बेत होता. मी लवॉनबरोबर गेले होते. वर्लिनही होता, आणि तो बसला तो नेमका ऱ्होडाच्या समोर, कारण दुसरी जागा नव्हती.

"आता तरी सांग की," तो तोंडात घास असताना म्हणाला. "पेटवलंस का?"

"मला काय विचारतोस?" ऱ्होडा म्हणाली. "तुझं मत तर पक्कं होतं. तूच सांग कसं पेटवलं, मला शिकायला मिळेल." मग माझ्याकडे वळली. "आणि मार्लिस, तू तर केवढ्याने हो म्हणालीस!"

"कारकुनाला कमी ऐकू येतं," मी म्हणाले.

"कमी तर कमी, पण मला ऐकू आलं."

मी बशीत बघत बसले. तेवढ्यात जजसाहेब ताट घेऊन आले. ते एकटेच यायचे हल्ली. जागा शोधत ते आमच्या टेबलापाशी थांबले, ऱ्होडाला ओळखलं, आणि सगळं तळघर जरा हळू बोलायला लागलं. मला वाटलं, आता ती उठून त्यांचा हात हातात घेईल. त्यांनाही वाटलं असावं. ताट एका हातात घेऊन त्यांनी दुसरा मोकळा ठेवला होता.

"तुम्ही आधी हो म्हणाला होतात ना?" ऱ्होडाने विचारलं. "आत, खोलीत?"

"हो."

"मग तिथून बाहेर येईपर्यंत मी दोषी होते?"

"तसं पाहिलं तर, निकाल नोंदवला जाईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तो..."

"जजसाहेब. मी तिथे बसले होते. मी विचारतेय."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्लिन चावायचा थांबला होता. मला वाटलं, हे आता खाकरून एखादं लांबलचक वाक्य काढतील.

"हो," ते म्हणाले. "तेवढा वेळ होतात. मी थकलो होतो, आणि मला घरी जायचं होतं."

ऱ्होडाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. मग तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली. "मासा गार होतोय."